झाडाचे कोठार, देहाचा गल्ला



चातुर्मासात आमच्या स्वयंपाकघरात कच्च्या केळ्यांची टोपली सहसा रिकामी नसते. वडे असोत, पावभाजी असो वा पराठ्याचे सारण असो, बटाट्याची जागा कच्च्या केळ्याने कधीच घेतली आहे. गेल्या वर्षी असेच झाले. पाहुणे येणार म्हणून डझनभर केळी आणली, पाहुण्यांचा बेत रहित झाला आणि निम्मी केळी टोपलीतच राहिली. आठवड्याने माझ्या नातीने त्यांतील एक सोलून खाल्ले आणि विचारले, "आजी, त्या दिवशी तू हेच केळं उकडलंस तेव्हा बटाट्यासारखं लागत होतं. आज त्यात साखर कोणी घातली?"

अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकविल्यामुळे अशा प्रश्नाला "मोठी झालीस की कळेल" असे उत्तर देणे माझ्या जिवावर येते. शिवाय या प्रश्नाचा एक धागा आमच्या घरात पर्युषणात घडलेल्या एका प्रसंगाशी जाऊन भिडतो. तो प्रसंग सांगण्यासाठीच आजचा लेख आहे. परंतु तो नीट कळावा म्हणून आधी केळ्यातील साखरेचा हिशेब मांडला पाहिजे.

केळ्यात साखर बाहेरून कोणीही घातली नव्हती. ती पहिल्यापासून तेथेच होती. केवळ कुलूपबंद होती. कच्च्या केळ्याच्या गरात वजनाच्या सुमारे पाचव्या भागाइतके पिष्ट, म्हणजे स्टार्च, असते. फळ पिकू लागले की त्यातून इथिलीन नावाचा वायू निर्माण होतो. त्याच्या इशाऱ्याने फळातील विकरे, म्हणजे एन्झाइम, जागी होतात आणि पिष्टाची लांबलचक साखळी तोडून तिची साखर करतात. पूर्ण पिकलेल्या केळ्यात पिष्ट जेमतेम एक-दोन टक्के उरते. जळगावकडील व्यापारी बंधूंना हे सांगावयास नको. पिकवण्याच्या खोल्यांत याच वायूची नियंत्रित मात्रा सोडतात. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास मात्र कायद्याने बंदी आहे, हे जाता जाता लक्षात असू द्यावे.

याच्या नेमके उलट उदाहरण हुरड्याचे. ज्वारीचा दाणा दुधात असतो तेव्हा गोड लागतो. म्हणून तर थंडीत शेतावर हुरड्याची आवतणे निघतात. तोच दाणा कणसावर पक्का झाला की त्याची गोडी जाते, कारण पानांकडून आलेल्या साखरेचे दाण्याने पिष्ट करून ठेवलेले असते. केळे पिष्टाची साखर करते, ज्वारी साखरेचे पिष्ट करते. झाडाला दोन्ही व्यवहार येतात. कोणता केव्हा करावयाचा हे गरजेवर ठरते.

मूळ उत्पन्न मात्र एकच, आणि ते पानात होते. हिरवे पान हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी घेऊन सूर्यप्रकाशाच्या बळावर साखर तयार करते. कार्बन डायऑक्साइडचे सहा आणि पाण्याचे सहा रेणू खर्ची पडून ग्लुकोजचा एक रेणू जमा होतो, आणि प्राणवायूचे सहा रेणू बाहेर पडतात. ग्लुकोजच्या त्या रेणूत सूर्याची ऊर्जा बांधलेली असते. अडचण एवढीच, की सूर्य बारा तास असतो आणि भूक चोवीस तास. त्यामुळे दिवसाच्या कमाईतून रात्रीची सोय लावणे, हा वनस्पतीचा पहिला नियम ठरतो. पान दिवसा काही साखर पिष्टाच्या रूपात स्वतःपाशीच बाजूला काढते आणि रात्री ती मोडून खाते. मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपाचा या दृष्टीने बारकाईने अभ्यास झालेला आहे. रात्र लहान असो वा मोठी, साठा उजाडेपर्यंत पुरेल आणि उजाडताना जवळजवळ संपेल, अशा बेताने ते रोप खर्च करते. महिनाअखेरीचा अंदाज बांधून डब्यातील धान्य काढणारी गृहिणी याहून वेगळे काय करते?

आता कोणी विचारील, की साखरच का नाही साठवीत? तिचे पिष्ट करण्याचा आणि मग ते मोडण्याचा दुहेरी खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर मोरावळ्याच्या बरणीत आहे. आवळ्यावर साखर घालून ठेवली की काही वेळाने खाली पाणी सुटलेले दिसते. साखर पाणी ओढून घेते. हेच पेशीच्या आत घडले तर? पेशीत सुटी साखर भरून ठेवली, तर ती भोवतालचे पाणी आत ओढील आणि पेशीवर असह्य ताण येईल. पाण्याची ही ओढ रेणूंच्या आकारावर नव्हे, तर त्यांच्या संख्येवर अवलंबून असते. ग्लुकोजचे हजारो रेणू एका साखळीत ओवले की पाण्याच्या हिशेबी तो एकच रेणू ठरतो. माल तेवढाच, पण त्याचा उपद्रव संपला. ही साखळी म्हणजेच पिष्ट.

पिष्ट थंड पाण्यात विरघळत नाही, हे कुरडया करणाऱ्या प्रत्येक घराने डोळ्यांनी पाहिलेले आहे. भिजविलेले गहू वाटून गाळले की पांढरे पाणी मिळते. ते स्थिर ठेवले की वर निवळ आणि खाली घट्ट चीक बसतो. तो चीक म्हणजे गव्हाने पुढच्या रोपासाठी जपून ठेवलेले पिष्टाचे दाणे. विस्तवावर ठेवताच ते दाणे पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि चीक चकचकीत व चिकट होतो. कच्चे पीठ आपल्याला पचत नाही आणि भाकरी पचते, त्याचे कारणही हेच.

हे कोठार कोठे बांधावयाचे, हे प्रत्येक वनस्पतीने आपापल्या परीने ठरविले आहे. गहू, तांदूळ, ज्वारी यांनी ते बीजात बांधले. बटाटा, रताळे, सुरण, अळकुडी यांनी जमिनीखाली. साबुदाणा आपण दाणा म्हणून ओळखतो, पण तो दाणा नव्हे. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओका या कंदाच्या पिष्टापासून बनवितात, आणि कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या अनेक घरांत तो याच कारणाने येत नाही. कांदा-लसणाचा साठा पिष्टाचा नसतो. तो फ्रुक्टोज या साखरेच्या साखळ्यांचा असतो. उसाने तर साखर साखरेच्याच रूपात कांडीत भरून ठेवली, आणि म्हणूनच तोडलेला ऊस वेळेत गाळपास गेला नाही तर उतारा घटतो, ही कारखान्याशी संबंध असलेल्यांची नित्याची चिंता. भुईमूग आणि तीळ यांनी निराळाच मार्ग धरला; त्यांनी साखरेचे तेल करून ठेवले. त्या निवडीचे मर्म पुढे येईल.

कंदाविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. कंद म्हणजे पानोळा वाळून गेल्यावरही जमिनीखाली जिवंत राहिलेला साठा असतो. बटाट्याच्या प्रत्येक डोळ्याला कोंब फुटू शकतो आणि त्या कोंबाला पहिली पाने येईपर्यंत हाच साठा पोसतो, इतके वनस्पतिशास्त्र सांगते. आपल्या परंपरेतील कंदमूळ-त्यागाचा पाया मात्र अहिंसा आणि अनंतकाय-विचार हा आहे. त्या विचाराला वनस्पतिशास्त्राच्या दाखल्याची गरज नाही, आणि वनस्पतिशास्त्रालाही आपले निष्कर्ष त्यासाठी वाकविण्याचे कारण नाही. दोन्ही आपापल्या जागी ठेवावेत, म्हणजे दोहोंचा मान राहतो.

मुलांसाठी एक सोपा प्रयोग सांगते. जखमेवर लावावयाच्या आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब कच्च्या केळ्याच्या कापावर टाकावा. काप निळा-काळा होईल. तोच थेंब पूर्ण पिकलेल्या केळ्यावर टाकला तर रंग जवळजवळ बदलणार नाही. पिष्टाची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते, तिच्या पोकळीत आयोडीन बसते आणि हा रंग दिसतो. खवा आणि पनीर यांत पिष्टाची भेसळ ओळखण्याची घरगुती चाचणी याच तत्त्वावर चालते. थोडा नमुना पाण्यात उकळावा, पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मग थेंब टाकावा. निळा रंग आला तर दुकानदाराला प्रश्न विचारण्यास हरकत नाही. प्रयोगाचा काप अर्थातच कोणी खाऊ नये.

आता झाडाकडून देहाकडे वळू. आपण पोळी खातो, तिच्यातील पिष्टाचे ग्लुकोज होते आणि ते रक्तात येते. परंतु निरोगी प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी ग्लुकोज असते किती? साधारण चार ते पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! आणि एकट्या मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. गल्ल्यात चमचाभर रोकड आणि रोजचा खर्च त्याच्या पंचवीसपट, अशी ही पेढी आहे. ती बुडत नाही, याचे श्रेय यकृताला.

हे रहस्य उलगडले पॅरिसमधील क्लोद बर्नार यांनी. प्राण्यांच्या शरीरात साखर येते ती केवळ अन्नातून, ती निर्माण करण्याची शक्ती फक्त वनस्पतींकडेच, असा त्या काळचा समज होता. १८४८ च्या सुमारास बर्नार यांना असे आढळले, की केवळ मांसावर ठेवलेल्या प्राण्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तातही साखर असते. १८५५ मध्ये त्यांनी काढून घेतलेले यकृत पाणी सोडून धुतले, इतके की त्यात साखरेचा अंश राहिला नाही, आणि ते तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो त्यात पुन्हा साखर! याचा अर्थ यकृतात असे काही साठविलेले होते, ज्याची साखर होत होती. १८५७ मध्ये त्यांनी तो पदार्थ वेगळा काढला आणि त्यास 'साखर निर्माण करणारा' या अर्थाचे नाव दिले. तेच ग्लायकोजेन.

हे ज्ञान मुक्या जिवांच्या वेदनेतून आले, हे लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. बर्नार यांच्या पत्नीलाही ते सहन झाले नाही. ती पतीपासून विभक्त झाली आणि जिवंत प्राण्यांवरील अशा प्रयोगांविरुद्ध उघडपणे उभी राहिली. आज त्या ज्ञानाने आपले प्राण वाचतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांतील कोणतीही एक विसरणे योग्य नव्हे.

पुढे ग्लायकोजेनची साखर नेमकी कशी होते, याचा शोध प्रागमध्ये जन्मलेल्या आणि १९२२ मध्ये अमेरिकेत गेलेल्या कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने घेतला. १९४७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक उभयतांना मिळाले. त्या शाखेतील हा सन्मान मिळविणाऱ्या गर्टी या पहिल्या महिला. त्याच कार्याच्या बरोबरीच्या वाटेकरी असूनही गर्टीबाईंना कित्येक वर्षे पतीपेक्षा फार कमी वेतनावर आणि खालच्या पदावर काम करावे लागले होते. दुकानाचा सर्व हिशेब सांभाळूनही पाटीवर जिचे नाव नसते, अशा आपल्या घरच्या स्त्रियांची येथे आठवण व्हावी.

ग्लायकोजेन हे पिष्टाचेच भावंड. दोहोंत मणी एकच, ग्लुकोज. फरक ओवण्याच्या पद्धतीत. पिष्टाचा एक भाग सरळ साखळीचा असतो आणि दुसऱ्या भागात साधारण २४ ते ३० मण्यांनंतर एक फांदी फुटते. ग्लायकोजेनमध्ये दर ८ ते १२ मण्यांनंतर फांदी असते. फांद्या अधिक म्हणजे टोके अधिक. आणि साखर टोकाकडूनच काढता येते. ज्या गोदामाला एकच दार, तेथून माल सावकाश निघतो. ज्याला शंभर दारे, तेथून एकाच वेळी शंभर गाड्या भरता येतात. झाड जागचे हलत नाही, त्याला घाई नाही. परंतु कुत्रा अंगावर आला आणि पळावे लागले, तर पायांच्या स्नायूंना त्याच क्षणी इंधन हवे असते.

आपल्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि सर्व स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. आकडा पाहून स्नायूच अधिक श्रीमंत वाटतील; पण त्यांचा स्वभाव निराळा आहे. साठ्यातील साखर रक्तात सोडण्यासाठी जे शेवटचे विकर लागते, ते स्नायूंपाशी नाही. त्यामुळे त्यांचा साठा त्यांनीच वापरावयाचा. शेजारी मेंदू उपाशी असला तरी त्याला थेट उसने देता येत नाही. यकृत मात्र सार्वजनिक पेढी आहे. जेवणानंतर ते रक्तातील अधिकची साखर ठेव म्हणून घेते आणि उपाशीपणी तीच ठेव थोडी थोडी सर्वांना देते. या पेढीचे दोन कारभारी, दोन्ही स्वादुपिंडात बसलेले. इन्शुलिन म्हणते "जमा कर", आणि ग्लुकॅगॉन म्हणते "खर्चास दे".

मग देहाने असा साठा पाचशे ग्रॅमऐवजी पंधरा-वीस किलो का केला नाही? येथे भुईमुगाचे उत्तर येते. ग्लायकोजेन साठविताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठवावे लागते, म्हणून चार ग्रॅम वजन वाहून केवळ चार कॅलरी हाती येतात. चरबी कोरडी, तिच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी. सामान्य माणसाच्या अंगावरील १० किलो चरबीत सुमारे ९०,००० कॅलरी असतात. तेवढीच ऊर्जा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवावयाची तर वजन होईल ९० किलो! ज्याला चालावयाचे, पळावयाचे वा उडावयाचे आहे, त्याला हे परवडत नाही. हजारो मैल स्थलांतर करणारे पक्षी निघण्यापूर्वी चरबीच साठवितात, आणि लहानशा दाण्यात खूप ऊर्जा भरावयाची म्हणून तीळ-भुईमुगानेही तेलाचा मार्ग धरला. हिशेब सरळ आहे. चमचाभर रोकड गल्ल्यात, थोडा चालू माल यकृताच्या गोदामात, आणि खरी पुंजी चरबीच्या स्थावरात.

उत्तर अमेरिकेतील एका रानबेडकाने तर याच गोदामाचा विलक्षण उपयोग केला आहे. कडाक्याच्या थंडीत त्याचे अंग गोठू लागले की यकृतातील ग्लायकोजेनची झपाट्याने साखर होऊन ती सर्व अवयवांत पसरते. त्या साखरेमुळे पेशींच्या आतील पाणी बर्फ होण्यापासून बचावते. हृदय थांबलेले, शरीर दगडासारखे, आणि वसंतात बेडूक पुन्हा चालू लागतो!

आता आपल्या उपवासाकडे येऊ. आपला उपवास म्हणजे आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून तिसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत, साधारण ३६ तासांचा निराहार. या काळात आत काय घडते? पहिली रात्र यकृत निभावून नेते. दिवस वर येतो तसतसा त्याचा साठा ओसरत जातो आणि चोवीस तासांच्या सुमारास जवळजवळ संपतो. परंतु त्याआधीच यकृताने दुसरी सोय सुरू केलेली असते. चरबीतून निघणारे ग्लिसरॉल, स्नायूंतून आलेले लॅक्टिक आम्ल आणि प्रथिनांचे घटक यांपासून ते नवी साखर बनविते. दोन-तीन दिवसांत चरबीपासून तयार होणारी कीटोन द्रव्ये वाढतात आणि मेंदू आपल्या गरजेचा मोठा भाग त्यांवर भागवू लागतो. तपस्व्याच्या श्वासाला येणारा विशिष्ट गंध त्यांचाच. पहिल्या दोन दिवसांत वजन भराभर उतरलेले दिसते, त्यात ग्लायकोजेनबरोबर निघून गेलेले पाणीच पुष्कळ असते. पारण्यानंतर ते परत येते, याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये. निरोगी देह हे सारे सांभाळू शकतो. मात्र त्यासाठी एक अट आहे. इन्शुलिनने वेळेवर मागे सरले पाहिजे.

ही अट मोडली की काय होते, ते आम्ही चार वर्षांपूर्वी पाहिले. माझे थोरले दीर, घरातील सर्वांचे आण्णा, भुसार मालाचे व्यापारी. वय तेव्हा ६४. मधुमेह होऊन दहा वर्षे झालेली, गोळ्यांवर साखर उत्तम आटोक्यात. त्या पर्युषणात त्यांनी तेला करण्याचे ठरविले. डॉक्टरांना विचारले नाही; "ते नकोच म्हणणार" हे त्यांचे कारण. आणि गोळीही सोडली नाही. "औषधात खंड नको, असे त्यांनीच बजावले आहे" हेही त्यांचेच कारण. दोन्ही दिवस सकाळी धोवणाच्या वा उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी प्रतिक्रमणात त्यांना घाम फुटला. पाठ असलेली सूत्रे चुकू लागली. शेजारी बसलेल्यांना वाटले, तपाचा थकवा आहे. घरी आणले तेव्हा ते माझ्या जाऊबाईंना ओळखेनात. चिडून बोलू लागले, जे त्यांनी उभ्या जन्मात केले नव्हते. जाऊबाई पंख्याने वारा घालीत होत्या आणि आम्ही "झोपू द्या, सकाळी बरे वाटेल" असे म्हणत होतो. धाकट्या पुतण्याला काय सुचले कोणास ठाऊक, त्याने घरातील यंत्रावर बोटाचे रक्त तपासले. आकडा होता ४२. तशीच गाडी काढली. शिरेतून ग्लुकोज सुरू केल्यावर काही मिनिटांत आण्णांनी डोळे उघडून विचारले, "दुकान कोणी बंद केलं?" त्या गोळीचा अंमल दीर्घकाळ राहतो, म्हणून त्यांना रात्रभर ठेवून घेतले. सकाळपर्यंत आम्ही झोपू दिले असते तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

जे घडले त्याचा अर्थ आता आपणास उघड दिसेल. ती गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास भाग पाडणारी होती. गोदाम उपवासाने रिकामे झालेले, आणि नवी साखर बनविण्याच्या व चरबी मोडण्याच्या दाराला इन्शुलिनने कुलूप ठोकलेले. गल्ल्यातील चमचाभर रोकड संपत गेली आणि मेंदूला देण्यास काही उरले नाही. दोष उपवासाचा नव्हता आणि गोळीचाही नव्हता. दोघांची गाठ कोणीच घालून दिलेली नव्हती, हा दोष आमचा.

आण्णांना दुःख झाले ते पच्चक्खाण मोडल्याचे. चातुर्मासासाठी गावात विराजमान असलेल्या साध्वीजींना त्यांनी ते सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "पच्चक्खाणात आगार कशासाठी ठेवले आहेत?" संकटात समाधी टिकावी म्हणून औषधोपचाराची मोकळीक आपल्या पूर्वाचार्यांनी पच्चक्खाणाच्या शब्दांतच ठेवली आहे, ते आपण दरवर्षी ऐकतो आणि त्याचा अर्थ विसरतो. साध्वीजी पुढे म्हणाल्या, "गोळी चालू आहे हे आधी सांगितले असते, तर तुमच्या प्रकृतीला झेपेल असे दुसरे तप सुचविले असते." तेव्हापासून आण्णा पर्युषणात डॉक्टरांना विचारून, गोळीची वेळ व मात्रा बदलून घेऊन बियासणे करतात. रात्रीच्या प्रतिक्रमणाला पूर्वीसारखेच पहिल्या ओळीत असतात.

या अनुभवावरून काही गोष्टी कळकळीने सांगते. घरात कोणी मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन घेत असेल, तर तपाचा निश्चय करण्यापूर्वी, निदान दोन-तीन आठवडे आधी, डॉक्टरांशी बोलावे. गोळी आपल्या मनाने चालूही ठेवू नये आणि बंदही करू नये. काही नव्या प्रकारच्या गोळ्यांमुळे निराहारात रक्तातील साखर फारशी न वाढताही आम्ल साचण्याचा धोका असतो, म्हणून सर्व गोळ्यांची नावे त्यांना दाखवावीत. ज्यांचे शरीर इन्शुलिन मुळीच बनवीत नाही, ज्यांचे मूत्रपिंड वा यकृत अशक्त आहे, आणि ज्या गर्भवती आहेत, त्यांनी अधिक जपावे. तपस्व्याला दरदरून घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, असंबद्ध बोलणे वा विनाकारण चिडचिड दिसली, तर तो थकवा समजू नये. लगेच रक्त तपासावे. आकडा ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. सरळ रुग्णालय गाठावे.

पारण्याविषयीही दोन शब्द. अठाई वा मासखमणासारख्या दीर्घ तपानंतर एकदम गोड व भरपूर अन्न दिले, तर इन्शुलिनची लाट येते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे क्षार एकाएकी पेशींत ओढले जातात; त्याने हृदयाची गती बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांना पोटभर अन्न मिळाल्यावर काहींचा मृत्यू ओढवला, तेव्हा वैद्यकाला हे प्रकर्षाने कळले. आपल्याकडे पारण्याला मुगाचे पाणी, पातळ राब असे घोट-घोट देण्याची जुनी चाल आहे. ती सोडून तपस्व्याच्या सत्कारातच पेढे-बासुंदीचा आग्रह करणाऱ्यांनी थोडा विचार करावा. रिकाम्या गोदामात माल हळूहळूच उतरवावा लागतो.

नातीला मी हे सर्व सांगितले नाही. तिच्यापुरते केळे आणि आयोडीन पुरेसे होते. तिने कच्च्या कापावरचा निळा डाग पाहिला, पिकल्या कापावर तो येत नाही हे पाहिले, आणि शेवटी आण्णांकडे धावत गेली. "आजोबा, तुमच्या पोटातपण असं कोठार आहे, माहिती आहे?" आण्णा म्हणाले, "माहिती आहे, बाळ. एकदा किल्ली हरवली होती." जाऊबाई आतून हसल्या, पण डोळ्यांना पदर लावूनच.